हलकी पेटी

प्रिय नातवंडांनो,

रोहनने पाठवलेल्या फोटोत त्याच्या हातात शाळेचा फुटबॉलचा कप आहे. तो पाहिल्यापासून एक दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुमच्या आईवडिलांना मी ती कधी सांगितली नाही. वय झालं आहे, म्हणून आता लिहून ठेवते.

गोंदिया नुकतंच मुंबई राज्यात आलं होतं. मी तिथल्या रेल्वे पोलीस ठाण्यात नवी फौजदार होते. ठाण्यात बाई मी एकटी आणि सफाईने इंग्रजी बोलणारीही मीच.

देशभरातल्या मोठ्या फुटबॉल क्लबांची कप स्पर्धा त्या वेळी मुंबईत व्हायची. आदल्या वर्षी जिंकलेला कलकत्त्याचा संघ चांदीचा कप घेऊन मेलने तिकडे निघाला होता. गोंदियाजवळ त्यांच्या डब्याचं चाक तापलं, म्हणून तो डबा गाडीपासून वेगळा केला आणि सगळं सामान फलाटावर उतरवलं. पुढची गाडी दुपारी चारला होती. बारा वाजता संघाचे मॅनेजर पांढऱ्या चेहऱ्याने ठाण्यात आले. कपाची पेटी रिकामी होती.

पानवाल्याने खबर दिली, की ती पेटी एका हमालाने उचलली आणि फलाटावरच्या पुलाखाली तो क्षणभर थांबला होता. एवढ्यावर हवालदाराने त्याला धरून आणलं. तिशीचा, चिचगडकडचा माणूस. ठाणेदार मला म्हणाले, "चार की गाडी छूटने से पहले कबूल करवाना है. वरून फोन आला आहे."

पंचनामा मीच लिहिला. पेटीचं कुलूप शाबूत, किल्ली मॅनेजरच्या खिशात. मग चोराने पेटी उघडली कशी, हा प्रश्न मला पडला, तरी मी पुढची ओळ लिहीत गेले.

जबाब घ्यायला कोठडीत गेले तेव्हा हमाल भिंतीला पाठ लावून बसला होता.

"पुलाखाली काऊन थांबला होतास?" मी विचारलं.

"विडी पेटवाले थांबलो जी. पेटी हलकीच होती, बाई. कप-बिप काही नव्हता तिच्यात."

हवालदार हसला. "सायबाच्या पेटीचं वजन आता हा सांगून राहिला!"

"मंग कोण सांगंल? काटा बंद पडला का पार्सलबाबू मलेच विचारते."

ते खरं होतं. पार्सल ऑफिसचा काटा नेहमी बिघडलेला असायचा, आणि बाबू हमालाने हातावर तोलून सांगितलेलं वजनच पावतीवर लिहीत. शेराचाही फरक पडत नसे. मी स्वतः पाहिलं होतं. तरीही मी कागद मिटून बाहेर आले. ठाणेदारांसमोर तोंड उघडायची मला भीती वाटली.

मागून दांडक्याचा आवाज सुरू झाला. व्हरांड्यात हमालाची बायको बसली होती. ती रडत नव्हती. म्हणाली, "बाई, तुमी तं शिकेल हाव. आतमंदी मरून जाईल तो."

मी टेबलाशी जाऊन बसले. पाऊण तास तो आवाज ऐकला. मग आवाज थांबला, आणि त्या शांततेने मी जास्त घाबरले. उठले, मॅनेजरना वेटिंग रूमच्या मागे नेलं आणि इंग्रजीत विचारलं, "पेटी कलकत्त्यापासूनच रिकामी होती ना?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. रस्त्यात चोर असतात म्हणून त्यांनी कप मुरमुऱ्यांच्या पोत्यात लपवला होता. पेटी नुसती दाखवायला. खेळाडूंनाही सांगितलं नव्हतं. पोतं नाहीसं झालं तेव्हा नोकरी जाईल या भीतीने त्यांनी पेटी पुढे केली.

पुढचं सोपं होतं. गोंदियात मोठ्या लाइनवरून उतरलेली धान्याची पोती हमाल छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीत भरत. फलाटावर बेवारस पडलेलं पोतंही त्यांनी सवयीने त्या पोत्यांबरोबर चढवलं होतं. ठाणेदारांनी तारा पाठवल्या. साडेतीनला बालाघाटहून उत्तर आलं: मुरमुऱ्यांत कप सापडला.

खेळाडूंनी फलाटावर टाळ्या वाजवल्या. हमालाला दोघांनी धरून बाहेर आणलं. ठाणेदार "जा" म्हणाले. माफी कोणी मागितली नाही, मीही नाही. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. तोलून वजन सांगायचं कामही सुटलं.

पुढे अनेक वर्षं मी तपास केले. खोटं बोलणाऱ्याला ओळखायला शिकले. पण त्या दिवशी मला खोटं ओळखता आलं नाही असं झालं नव्हतं. खरं काय ते कोठडीत सव्वा वाजताच कळलं होतं आणि मी दोन वाजता बोलले. तपासात उशीर तिथेच होतो, नातवंडांनो: कळणं आणि बोलणं यांच्या मधे.

छोटी लाइन उखडली. हमाल केव्हाच वारला. त्याची बायको आहे, नवेगावबांध इथे मुलीकडे असते. मी तिथे दोनदा गेले. तिने मला ओळखलं, पाणी दिलं. मग आत निघून गेली.




तुमची आजी