ट्रॅक्टर माझा, सल्ले गावाचे

इंजिन जाम झालं की मिस्त्री एकच येतो, शहाणे मात्र ढीगभर. किस्से त्यातूनच साठतात. मित्र म्हणतात, सांग की, मजा येते. तुम्हाला येत असेल, माझं डोकं अजून फिरतं.

वडिलांचा जुना ट्रॅक्टर आमच्या लिंबागणेश गावच्या शेतात कधीचा बंद पडून होता. ज्वारी पेरायची राहिलेली, वाफसा निघून चाललेला आणि भाड्याचे सगळे ट्रॅक्टर गुंतलेले. सेल्फ मारला तर नुसतं 'टक्'. पिस्टन आत गंजून चिकटले होते.

*

पहिले आले आमचे चुलते, बाप्पा. "गेरमधी टाक अन् दुसऱ्या टॅक्टरनं वढ."

"बाप्पा, आतला रॉड वाकंल."

"वाकू दे की. घन मारून सरळ करू."

या माणसाने आयुष्यात स्वतःच्या सायकलची चेन चढवलेली नाही.

*

मेहुणा संदीप मोबाईलवर बघून आला. कोल्ड्रिंक ओतलं की गंज सुटतो म्हणे. मोठी बाटली आणली. मी पाना घेऊन येईपर्यंत निम्मी पिऊन बसला होता.

"गरम व्हाया लागली व्हती, दाजी. उरली तेवढी टाकू."

बायकोचा भाऊ म्हणून सोडला.

*

शेवटी मांजरसुंब्याहून युनूस मिस्त्रीला आणलं. त्याने नोझल काढून भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडलं. "भिजू द्या. तवर कोनी हात लावायचा न्हाई."

हे आमच्या गावाला सांगायचं? सकाळी बघतो तर येणाराजाणारा प्रत्येक गडी पुढच्या पुलीला पाना लावून आपला दम बघून गेलेला. नट पार गोल झाला होता.

"आमी फक्त बघत व्हतो, हालतंय का," एक जण म्हणाला.

असा संताप आला की पाना घेऊन मागे लागणार होतो. पण पानाही कुणीतरी नेला होता.

*

मग एक पुढारी आले. निवडणूक जवळ होती. गाडीतून उतरले, पहार हातात धरली, फोटो काढला. 'शेतकऱ्याच्या अडचणीत सोबत' असं स्टेटस तिथंच टाकलं. निघताना ग्रीसचे हात माझ्या खांद्यावरच्या टॉवेलला पुसले.

*

युनूसने इंजिनमागच्या जड चाकाच्या, फ्लायव्हीलच्या दातऱ्यात पहार अडकवली आणि हळूहळू मागेपुढे रेटत राहिला. दुपारी कुरकुर करत दातरा हलला. मग फिरलाच. नोझल बसवले, सेल्फ मारला, धूर ओकत इंजिन चालू झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. जमिनीत अजून पेरण्यापुरती ओल होती.

तेवढ्यात बाप्पा पांढरंशुभ्र धोतर नेसून, नारळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन हजर. मागे गाव. आमच्याकडे दुरुस्त झालेल्या यंत्राची पूजा करतात, चाकावर पाणी घालतात. बाप्पांना चाक कमी वाटलं. ते बंपरवर चढले आणि बॉनेटवरच्या उभ्या सायलेन्सरच्या, म्हणजे धुराच्या नळीच्या तोंडावर तांब्या धरला.

"बाप्पा, पानी आत जाईल. पुन्ना जाम व्हईल."

"गप बस. देवाचं काम हाय. मशीन बंद कर."

मी सीटवर बसलो, पण बंद केलं नाही. बाप्पांनी तांब्या उपडा केला आणि मी फुल रेस ओढली. पाणी काजळी घेऊन उलटं उडालं, ते थेट पांढऱ्याशुभ्र धोतरावर.