बर्फसरांचा गाळ

परभणीच्या मे महिन्यात, पंखासुद्धा गरम वारा फेकत असताना, आमचे बर्फसर दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्राबद्दल बोलत. तेही घाम पुसत. मुलांनी ठेवलेलं हे नाव त्यांना आवडायचं. कॉलेजात मी भूगोल शिकवायचो, ते भूगर्भशास्त्र. आमचं टेबल एकच.

त्या समुद्राच्या तळाशी एक छोटी खचदरी आहे, तिच्यावर त्यांची पीएच.डी. चालली होती. ती समजावायला ते मला घरी नेत आणि आईच्या परातीतला ज्वारीच्या पिठाचा गोळा ताणून दाखवत. "आधी मध्ये पातळ होतो, मग खचतो, मग चिरतो. खालून तापलेला खडक वर येतो, वरून गाळ बसत राहतो. एवढीशी दरी, पण महासागराचं पाळण्यातलं लेकरू आहे."

"ठिव तो गोळा," माय म्हणायची. "समुद्र जेवनार हाय का आज?"

सरांनी स्वतः समुद्र पाहिला नव्हता. परदेशी जहाजावर गेलेल्या एका मित्रानं त्या दरीतला गाळ पिशवीभर आणून दिला होता. सगळा प्रबंध त्यावर उभा राहायचा होता. प्रयोगशाळा गळायची, म्हणून पिशवी त्यांनी घरी ठेवली.

विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत मायलेकांचं गावाकडचं घर जळालं होतं. भाड्याच्या खोल्यांत बरीच वर्षं काढल्यावर सरांनी परभणीत दोन खोल्या बांधल्या. मायनं तिथं चूल घातली आणि पिशवीतली ती मऊ, राखाडी माती भिजवून चूल लिंपून काढली. आम्ही दोघं कॉलेजातून आलो तेव्हा ती हात धूत होती.

"लय चिकट माती आनलीस बाबा. एक तडा न्हाई गेला."

सरांनी रिकामी पिशवी उचलून घडी केली. मग म्हणाले, "चांगली झाली, माय."

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तिला कधी सांगू नका. सगळं जळाल्यावर पहिल्यांदा स्वतःची चूल घातलीय तिनं."

दुसरा गाळ मिळाला नाही. "बनी तो बनी, नहीं तो परभणी," म्हणून ते हसायचे. मला ते हसणं ऐकवत नसे. पदवी कधी मिळणार, असं मायनं विचारलं की सांगायचे, "विद्यापीठाचं नाव बदलू दे. मग घेतो." तिला ते पटायचं. त्या नावापायीच तर घर गेलं होतं.

नामांतराच्या आदल्या वर्षी सर काविळीनं गेले. इतका सरळ माणूस मला पुन्हा भेटला नाही.

नामांतर झालं त्या आठवड्यात माय पांढरं लुगडं नेसून कॉलेजात आली. सगळ्यांना पेढे वाटले आणि माझ्या टेबलापाशी थांबली.

"सर, नाव झालं. आता माझ्या लेकाची पदवी देतेत न्हवं? कुठं जाऊ आनायला?"