आल्प्समधली माझी खिडकीची जागा

ऐका, पण हसायचं नाही हं! भर सभेत माणूस स्वतःच्या हातानं अब्रू कशी घालवतो, ते सांगतो.

दोन हजार चौदा-पंधराची गोष्ट असेल. जुरोंग ईस्ट भागातल्या एका कॉन्डोच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या, हॉलमध्ये आम्हा परदेशातल्या मराठी मंडळींचा शनिवारचा कार्यक्रम होता. वक्ते कोण? साने! बँकेत मोठ्या हुद्द्यावर, वर रेल्वेचं वेड. आल्प्सच्या कुठल्याशा दरीतल्या चिमुकल्या नॅरोगेज गाडीचा इतिहास सांगणार होते. आमची मंजिरी, म्हणजे माझी बायको, पहिल्या रांगेत. मला मात्र मागे बटाटेवड्यांवर नेमलेलं! सुरुवातीची दहा मिनिटं त्यातच गेली.

वडे मांडून आत येतो तर पडद्यावर इटुकली लाल गाडी, आणि मंजिरी शेजारणीला सांगतेय, "सान्यांचं वाचन बघ! नाहीतर आमचं ध्यान. लॅपटॉप सोडून जगात दुसरं काही आहे, हेच माहीत नाही."

झालं! सान्यांचा असा हेवा वाटला म्हणून सांगू! बारा वर्षं संसार केला, माझ्याकडे कधी अशा कौतुकानं बघितलं नाही हो तिनं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ओरडलो, "आम्ही बसलोय या गाडीत!"

सान्यांनी चष्मा काढला. "तुम्ही? कधी?"

"झाली दोन वर्षं. ऑफिसच्या कामाला झुरिकला गेलो होतो ना, तेव्हा!"

"अरे वा! मग सांगा की." त्यांनी माइकच माझ्या हातात दिला.

मग काय विचारता! खिडकीची जागा सांगितली, मिशाळ टीसी सांगितला, रुळावर गाय आडवी आली म्हणून अर्धा तास खोळंबलो तेही सांगितलं. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. मला वाटलं, काय रंगलोय मी आज!

"आणि इंजिन कुठलं होतं हो?" सान्यांनी विचारलं.

"कोळशाचं! माझा पांढरा शर्ट काळा झाला!"

सान्यांनी हळूच आपली पहिली स्लाइड परत लावली. 'एका बंद पडलेल्या गाडीची गोष्ट.' बंद कधी पडली? माझ्या जन्माच्या आधी! रूळसुद्धा उखडलेत म्हणे, आता तिथून सायकली जातात.

एमआरटी मेट्रोनं आम्ही सेरंगूनला परतलो. घरात शिरल्यावर मंजिरी म्हणाली, "झुरिकला तरी खरंच गेला होतास ना रे?"

अहो, तेवढं खरं होतं! अख्खं कपाट उपसून पासपोर्ट काढला आणि शिक्का तिच्या नाकासमोर धरला.

तिनं शांतपणे त्याचा फोटो काढला आणि सान्यांना पाठवला, "शिक्का खरा आहे का, जरा बघता का?"