अनंताचा शेला

निरोप आला तेव्हा मी अंगणात भात वाळत घालत होते. अनंताच्या घरचा गडी कुंपणाचं बेडं ढकलून धापा टाकत आत आला आणि म्हणाला, "ताई, चला लवकर… बुवांना पान लागलंय." आमच्याकडे साप चावला असं तोंडाने कोणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. मी हातातलं सूप तिथेच टाकलं आणि तशीच निघाले. दिवाळी नुकतीच झाली होती. ज्या नाटक कंपनीत तो गात होता तिचा मुक्काम उठला म्हणून अनंता घरी आला होता आणि रोजच्यासारखा पहाटे सड्यावर, त्या कातळाच्या माळावर रियाजाला गेला होता. तिथल्या वाळल्या गवतात फुरसं होतं.

लोक त्याला अनंतबुवा म्हणत. पडद्याआडून त्याचा पहिला सूर आला की थिएटर शांत होई, असं मुंबई-पुण्याची माणसं आम्हाला येऊन सांगत. मला मात्र तो आईमागे माझ्या कडेवर वाढलेला धाकटा भाऊच होता. आरतीला सगळ्यांवर आवाज चढवायचा आणि वडिलांचा मार खायचा. मिसरूड फुटायच्या आत तो गावात आलेल्या एका कंपनीबरोबर पळून गेला. वडिलांनी कितीतरी दिवस त्याचं नाव टाकलं होतं. मग एकदा कोणाला न सांगता त्याच्या नाटकाला जाऊन शेवटच्या बाकावर बसले आणि घरी येऊन मला म्हणाले, "कार्टा ओरडतो बरा." त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ होतं!

इंदिरेशी त्याचं लग्न रत्नागिरीतच झालं. मुंबईहून आगबोटीने माणसं आली, राजापूर-देवरुखाकडून बैलगाड्या आल्या. एका सरंजामदारांनी चांदीचा पानपुडा दिला, मुंबईच्या एका शेटजींनी जरीकाठी शेला पाठवला, कोणी मंगलाष्टकं रेशमी रुमालावर छापून आणली. आता बुवा एक तरी पद म्हणतील म्हणून सगळा मांडव ताटकळला होता, आणि त्याचा घसा साफ बसलेला! आदल्या नाटकात तीन-तीन वन्समोअर घेतले होते ना. पंगतीत कोणी आग्रह केला की तो गळ्याकडे बोट दाखवून हात जोडी. "बोटीचं भाडं फुकट गेलं," असं कुरकुरत लोक परत गेले. एरवी चार माणसं जमून कोणी गा म्हटलं नाही, तर हा अस्वस्थ व्हायचा. त्या दिवशी मात्र त्याच्या तोंडावरचं हसू मावळलं नाही.

लग्नाच्या या सगळ्या वस्तू त्याने एका पेटीत जपून ठेवल्या होत्या. पुढे त्याने स्वतः काढलेली कंपनी बुडाली, तेव्हा नटांचे पगार भागवायला त्याने अंगठी विकली, घड्याळ विकलं, शेवटी स्वतःची बाजाची पेटीही विकली. मीच सुचवलं होतं की तो शेला तरी काढ. तर म्हणाला, "अक्का, ती लग्नाची पेटी इंदिरेची. तिच्यात हात घालायचा नाही."

…आम्ही हात घातला. पण ते नंतर.

आमचे डॉक्टर दिवसरात्र त्याच्या उशाशी बसून होते. मुंबईहून तातडीने लस मागवली होती, पण ती दुसऱ्या सापांच्या विषावरची. फुरशाचं विष तिला दाद देईना. हिरड्यांतून रक्त येत राहिलं, पाय मांडीपर्यंत काळा पडला. अनंता गेला तेव्हा डॉक्टर बाहेर पडवीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "दरसाल मी अशी माणसं बघतो, ताई. कापणीला गेलेली, गुरांमागे गेलेली. माझ्याजवळ काही नाही हो." मग आपल्याशीच बोलावं तसं सांगत राहिले. घोड्याला थोडं थोडं विष टोचत नेलं तर त्याच्या रक्तात उतारा तयार होतो. फुरशाचा तसा उतारा करून पाहता येईल. पण घोडा हवा, काचेची उपकरणं हवीत, जिवंत फुरशी धरून आणणारी माणसं हवीत.

इंदिरा दाराआड उभी राहून ऐकत होती. दिवसकार्य झाल्यावर ती पेटी घेऊन माझ्यापुढे बसली. "वन्सं, हे विकू या. डॉक्टरांना देऊ." मी म्हटलं, "अगो, त्याने जपलेलं आहे हे." ती पेटीतल्या लग्नाच्या शालूवरून हात फिरवत होती. म्हणाली, "मला आता हा नेसायचा आहे का?"

अंगणात मांडव घालून लिलाव केला. पुकारायला एका वकिलांचा कारकून होता. माणसं खूप आली, पण बरीचशी बघायला. शालू, पानपुडा बऱ्या बोलीने गेले. शेल्यापाशी मात्र सगळं अडलं. कारकून पुन्हा पुन्हा ओरडत होता आणि लोक एकमेकांकडे बघत होते. डॉक्टर कोपऱ्यात मान खाली घालून उभे होते. मला काय झालं कोण जाणे, मी पुढे झाले. बोलू लागले ते थांबेचना. म्हटलं, "हा शेला अंगावर घेऊन अनंता बोहल्याजवळ गायला होता. मंगलाष्टकं संपली आणि त्याने सूर लावला… मांडवात एक डोळा कोरडा नव्हता." खोटं, सगळं खोटं. पण बोली चढत गेली. पावस गावच्या एका म्हाताऱ्या बागाईतदारांनी तो घेतला. डोळे पुसत मला म्हणाले, "मला त्या लग्नाला यायला जमलं नव्हतं हो. आज पोचलो."

घोडा त्या शेल्याच्या पैशांवर आला. डॉक्टरांच्या परसात तो आता बांधलेला असतो. मानेवर टोचल्याच्या गाठी आहेत. उतारा साधेल की नाही हे डॉक्टरही सांगत नाहीत.

लिलावाच्या दिवशी लोक पांगल्यावर मी इंदिरेला म्हटलं, "चांगल्या कामासाठी बोलले गो." ती सतरंजी गुंडाळत होती. थांबली. रागावलीही नाही. म्हणाली, "वन्सं, त्यांचं सगळं लोकांचं होतं. आवाज, वेळ, झोपसुद्धा. त्या दिवशी ते गायले नाहीत, तेवढं एक माझं होतं… तेही विकलंत."

त्या दिवसापासून देवळात, बाजारात बायका मला अडवून सांगतात, "आम्ही होतो ना त्या लग्नात! काय गायले हो बुवा!" त्यांतल्या दोघी-तिघी खरोखरच त्या मांडवात होत्या. त्यांनाही आता ते गाणं आठवतं. मी मान हलवून पुढे जाते. शेवटी पावसला गेले आणि त्या बागाईतदारांना खरं सांगून टाकलं. शेला परत करायचा असेल तर माझ्या पाटल्या मोडून भरपाई करीन म्हटलं. त्यांनी आतून शेला आणून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "राहू द्या शेला. पैसा भल्या कामी गेलाय. पण ताई, तुम्ही सांगितलंत तेव्हापासून मला ते गाणं ऐकू येत होतं… आता नाही येणार."

म्हणून हे छापायला देते आहे, ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांसाठी. माझा भाऊ आपल्या लग्नात गायला नाही. त्याचा घसा बसला होता. तो दिवसभर गप्प होता, हसत होता, आणि शेजारी बसलेल्या मुलीवाचून त्याचं कुठे लक्ष नव्हतं.

काल हे इंदिरेला वाचून दाखवलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "आवाज नव्हता, तरी माझ्याशी चार शब्द बोलले होते ते. पण काय बोलले ते नाही सांगणार, वन्सं."

"नको सांगूस," मी म्हटलं. "मलासुद्धा नको सांगूस गो."