पाठीमागचे मामा

कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणत. खरे मामा ते एकाचेच, चार नंबरच्या प्रेसवर बसणाऱ्या भाच्याचे. पण बाकीचे एकोणचाळीस जणही तोंडावर मामाच म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काम तसं सोपं. पत्रा प्रेसखाली सरकवायचा, हात बाहेर काढायचा, पायाने पेडल दाबायचं. वरून एक दणका, की दाराची बिजागरी तयार. हात काढायला उशीर झाला तर हाताचीच बिजागरी. मामांची डाव्या हाताची दोन बोटं तशीच गेली होती. फोरमन झाल्यावर त्यांनी शिकवण्याची एकच पद्धत काढली. कामगाराच्या पाठीमागे उभं राहायचं, आणि हात जरा रेंगाळला की स्टीलची पट्टी सणकन मनगटावर. वळ उठत, कातडं फाटे, रक्त पत्र्यावर सांडे. सगळ्यांत जास्त मार भाच्याला, घरच्याला पाठीशी घातलं असं कुणी म्हणायला नको म्हणून. एकदा त्याचं मनगट इतकं सुजलं की आठ दिवस बायकोने घास भरवला. मामा म्हणाले, "हात जागेवर आहे ना? मग गप जेव."

बावीस वर्षांत त्यांच्या खात्यात कुणाचं नखही गेलं नाही. हे खरं होतं, आणि मामा ते दिवसातून चारदा ऐकवत.

मग कारखाना विकला गेला. नव्या मालकांनी प्रशिक्षणासाठी एक मॅडम नेमल्या. त्यांनी मामांना बोलावलं.

"मामा, उद्यापासून पट्टी बंद. आणि आठवडाभर तुम्ही वरच्या वर्गात बसायचं. हाताखालची माणसं कशी घडवायची, ते शिकवणार आहेत."

मामांनी तीन बोटांचा हात टेबलावर असा आपटला की कपातला चहा मॅडमच्या कागदांवर सांडला. "मला शिकवणार? माझी चाळीसच्या चाळीस माणसं दहा बोटांनी घरी जातात!"

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "तुम्ही नसताना ती कशी काम करतात, कधी बघितलंय?"

"मी नसतो कधी?"

तेही खरंच होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा मामा कामावर हजर होते.

दुसऱ्या दिवशी मामा दात-ओठ खात वर्गात बसले. समोरचा तरुण फळ्यावर गोल काढत होता. त्याचं मुंडकं त्याच गोलात कोंबावं असं मामांना वाटत होतं. कंटाळून ते काचेशी गेले. खाली प्रेसची रांग दिसत होती.

आणि त्यांना दिसलं. भाचा पत्रा सरकवायचा, मान वळवून पाठीमागे बघायचा, मग हात काढायचा. शेजारचा तसाच. त्याच्या पलीकडचाही. रांगेतला एकूण एक माणूस दर पत्र्याला मागे वळून बघत होता, मामा आहेत का. हात कधी काढायचा हे त्यांना प्रेसकडे बघून कळतच नव्हतं. आज पाठीमागे कुणी नव्हतं, म्हणून माना जास्तच वेळ शोधत राहत होत्या आणि हात आतच राहत होते.

मामांनी दोन्ही मुठींनी काच बडवली. "समोर बघ! अरे गाढवा, समोर!"

प्रेसच्या धडधडाटात शब्द कसले पोचतात! पण काचेमागची हालचाल भाच्याला दिसली. त्याने मान वर केली. मामा सापडले. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि पाय पेडलवर.

मामा जिना उतरले की पडले, त्यांनाच आठवत नाही. प्रेस वर उचलून हात सोडवायला सहा मिनिटं लागली, आणि ती सहा मिनिटं भाचा एकच ओरडत होता, "मामा, मारू नका! मामा, मारू नका!"

मनगटापासून हात गेला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बहीण आली. मामा उठून उभे राहिले, तोच तिने खाडकन त्यांच्या कानशिलात लगावली. मग दुसरी, तिसरी. ओठ फुटला. तिची बांगडी लागून भुवई फाटली. नर्स धावली, मामांनी तिला हातानेच थांबवलं. बहीण मारत होती आणि काहीतरी सांगत होती, रडून रडून, पुन्हा पुन्हा तेच.

मामांना त्यातला एक शब्द कळला नाही. त्यांचं सगळं लक्ष तिच्या हाताकडे होतं.