शंभर वेळा लिहिलेलं वाक्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर तेव्हा आतल्याच खोलीत असायची. तुम्हाला सांगतोय, कारण आता पोटात ठेववत नाही.

चारकोपला घरातच मी दहावीचा इंग्रजीचा क्लास घेतो. दोन पूर्ण वाक्यं ‘बट’ने जोडली, तर त्या ‘बट’आधी कॉमा द्यायचा नाही, असं मी शिकवायचो. का? मला तसंच शिकवलं होतं, म्हणून. जो चुकेल त्याने बरोबर वाक्य शंभर वेळा लिहून आणायचं — पालकांनाही ही शिस्त आवडायची.

क्लासमधल्या शीतलने एकदा कॉमा दिला. मी लाल रेघ मारली. ती म्हणाली, “सर, पुस्तकात दिलाय ना.”

“मग पुस्तकाकडेच लाव ना क्लास. इथे कशाला येतेस गं?”

पोरं हसली. ती खाली बसली.

सगळे गेल्यावर मी पुस्तक उघडलं. कॉमा होता. दुसरं काढलं — त्यातही. दुसऱ्या दिवशी तिने शंभर ओळी आणल्या. एकाही ओळीत कॉमा नाही, अक्षर शेवटपर्यंत नीट. तेव्हा बोलता आलं असतं ना? मी खाली सही केली.

पण एवढंच असतं, तर — नाही, एवढंच नाही.

आठवड्याने तिचे वडील आले, कारखान्यातून थेट. शीतल त्यांच्या मागे उभी. “सर, ही क्लासला नको म्हणते. काय झालं विचारलं तर बोलत नाही.” तिने माझं नाव घेतलं नव्हतं. आणि मी काय म्हणालो? “लक्ष नसतं तिचं. वर उलट बोलते.”

वडील वळले. “सरांना उलट बोलतेस तू?”

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही — मी आता खरं सांगेन म्हणून. मी पुढची वही तपासायला ओढली.

ती परत आली नाही. पुढच्या बॅचला मी कॉमा द्यायला शिकवलं, जणू पहिल्यापासून तसंच शिकवत आलो होतो. भीती कसली होती? चार पोरांसमोर ‘चुकलो’ म्हणायची. बस, तेवढीच.

लिहिलं, आणि छाती हलकी झाली. ते लपवत नाही.

तिचे वडील अजून इथेच, पलीकडच्या सेक्टरमध्ये राहतात. बाजारात भेटले की आधी तेच हात जोडतात. शीतल बरोबर होती आणि ती उलट बोलली नव्हती, हे मला त्यांना, तिच्यासमोर, सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.