मामांना गेलेली त्रेसष्ट आमंत्रणं

थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं आणि तिनं घरात जाहीर केलं, "आत्या आली न्हाय, तर मी स्टेजवर चढायची न्हाय." झालं! आत्या नळदुर्गला, आम्ही परंड्याला, आणि मधे आत्याचे मालक. त्यांना आम्ही मामा म्हणतो. दादाच्या लग्नात त्यांना आमंत्रण दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवरून गेलं. तेव्हापासून सहा वर्षं मामा रुसलेले आणि आत्याचं माहेर बंद. बहिणीला न्हाऊमाखू घालून वाढवलेलं ते आत्यानं.

पप्पाही काही कमी नाहीत. "त्यांचं नाव यादीत शेवटी टाक. येत न्हाईत ते," म्हणाले. मी टाकलं.

पत्रिका मोबाइलवर पाठवायचं काम माझ्याकडं. घरबसल्या पुण्यातल्या कंपनीचं काम करणारी प्रोग्रामर मी, एकेकाला हातानं कशाला पाठवू? त्रेसष्ट नावांची यादी, तिच्यावर एक लूप, म्हणजे दर नावाला एक फेरी, आणि लूपच्या पोटात एक छोटंसं फंक्शन: नाव घाल, 'सप्रेम जय भीम, आपण सहकुटुंब यायलाच पाहिजे' म्हण, पाठव. सगळे एकदम गेले तर नंबर बंद पडेल, म्हणून दर दहा सेकंदांनी एक. बटण दाबलं आणि ऐटीत चहा प्यायला गेले.

परत येऊन बघते तर त्रेसष्टच्या त्रेसष्ट मेसेज मामांना! प्रत्येकात त्यांचंच नाव.

मला वाटलेलं, प्रत्येक फंक्शन आपापलं नाव चिठ्ठीवर लिहून खिशात घालून निघालंय. कसलं काय! व्हेरिएबल, म्हणजे नाव लिहायची पाटी, मी लूपच्या बाहेर एकच ठेवलेलं, आणि सगळी फंक्शनं त्या एकाच पाटीकडं बघत बसलेली. पाठवायची वेळ येईस्तोवर लूप कधीच संपलेला, आणि पाटीवर उरलेलं शेवटचं नाव मामांचं. हाच प्रश्न मी नोकरीला येणाऱ्या पोरांना विचारते, आणि चुकले की तोंड वाकडं करते! व्हेरिएबल फेरीच्या आत घेतलं की दर फेरीला नवी पाटी. एका ओळीचं काम. ते केलं आणि बाकीच्या बासष्ट जणांना आमंत्रणं नीट गेली.

पण मामांचं काय? "आता म्हणतील, आमची चेष्टा केली," म्हणत पप्पा डोक्याला हात लावून बसले. बहीण माझ्याशी बोलेना. नळदुर्गला फोन करायचा धीर कुणालाच होईना.

लग्नाच्या दिवशी सकाळीच मांडवासमोर गाडी थांबली. मामा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत उतरले, मागून आत्या. मामा भेटेल त्याला मोबाइल दाखवत सुटले, "त्रेसष्ट येळा बोलावलंय पोरीनं! आता न्हाय म्हणायला तोंड हाय का आमाला?" पप्पांनी पळत जाऊन मिठी मारली. बहीण स्टेजवर चढायच्या आधीच रडून मोकळी झाली, आणि मीही.

जेवणं झाल्यावर आत्यानं मला बाजूला घेतलं. "चुकून गेलेत ना गं ते?"

खोटं बोलवेना. मी मान हलवली.

"मला त्याच दिवशी कळलं," ती हसली. "पर त्यांना म्या सांगितलं न्हाय. सहा वर्षं वाट बघितली गं. चूक तर चूक." मग दंडाला चिमटा काढून म्हणाली, "तुझ्या लग्नाला ती चूक दुरुस्त करू नगंस."